घोड्याचे मागचे पाय

एनॉक सग्डेनला थॉर्नक्लफमध्ये सगळे ओळखायचे, पण चेहऱ्यानं नाही. दर नाताळात आमच्या गावच्या थिएटरात मुलांचं नाटक लागायचं, त्यात एक कापडी घोडा असायचा, आणि त्या घोड्याचे मागचे पाय म्हणजे एनॉक. पुढचे पाय सिरिल बूथरॉइड, गावातले नळ दुरुस्त करणारा. पुढच्याला घोड्याचं डोकं असतं, त्याला कान हलवता येतात, मान वेळावता येते. मागच्यानं कमरेत वाकायचं, पुढच्याचा पट्टा धरायचा आणि अंधारात तो नेईल तिकडं जायचं. लाथ मारायची तेवढी त्याची कला. लोक पोट धरून हसायचे आणि नाटक संपलं की सिरिलच्या पाठीवर थाप मारून जायचे. जगाची रीतच ती.

"लग्नाआधी म्हणाला होतास, लवकरच पुढचे पाय होणार," त्याची बायको ऑलिव्ह म्हणायची. "मी अजून वाट बघतेय."

"पुढच्या पायांना उंची लागते."

"आणि अक्कल?"

"सिरिलकडं बघून तसं वाटत नाही," एनॉक म्हणायचा.

उंचीचं मात्र खरं होतं. माणूस साठीला टेकला तरी पाठमोरा बघितला तर शाळकरी पोर वाटायचा. वर्षभर तो मासे तळायच्या दुकानात मागच्या बाजूला बसून बटाटे सोलायचा. म्हणजे तिथंही मागेच. घरी दोघंच. लग्न झालं त्या वर्षी मागच्या खोलीच्या भिंतींना त्यांनी बदकांच्या चित्रांचा कागद चिकटवला होता. मूल काही झालं नाही. बदकं तशीच राहिली आणि खोलीचं दार लावून घेतलं गेलं. आमच्या गल्लीत हवापाण्यावर लोक तासभर बोलतील, पण त्या दाराबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नाही.

आणि मग एका उन्हाळ्यात लंडनची सिनेमावाली मंडळी आली. शनिवारी सकाळी पोरासोरांना दाखवतात तसला सिनेमा त्यांना करायचा होता. गोष्ट साधी होती. माळावरच्या शेतघरात एक एकटी मुलगी राहते, गोठ्यात तिला बॉगर्ट सापडतो आणि दोघांची दोस्ती जमते. आता बॉगर्ट म्हणजे काय हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दूध नासवणारं, घोड्यांच्या शेपट्यांना गाठी मारणारं, पांघरूण ओढणारं खोडकर भूत. एनॉकची आजी दारावर नाल ठोकायची, उंबऱ्यावर मीठ टाकायची आणि बजावायची, की बॉगर्टला कधी नाव द्यायचं नाही. नाव दिलं की तो तुमचा झाला. मग समजावून जात नाही आणि हाकलूनही जात नाही.

बॉगर्टच्या कातड्यात शिरायला लंडनहून आणलेला बुटका माणूस पहिल्याच दिवशी चक्कर येऊन आडवा झाला. पबमध्ये कुणीतरी एनॉकचं नाव सांगितलं. दिग्दर्शक लेथब्रिजसाहेब स्वतः बटाट्यांपर्यंत चालत आले.

"आत उकडेल," ते म्हणाले. "काही दिसणार नाही. बोलायचं तर अजिबात नाही."

"म्हणजे नेहमीसारखंच," एनॉक म्हणाला आणि हात पुसून उठला.

ते कातडं म्हणजे एक प्रकरणच होतं. मेंढीची लोकर, घोड्याचे केस, सरसाचा वास, आणि कागदाच्या लगद्याचं भलंमोठं डोकं. डोळे हलवायला बाहेर एक माणूस तार धरून बसायचा. एनॉकला नाकपुड्यांतून दिसेल तेवढंच दिसायचं. पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत दोऱ्या आवळलेल्या. आत शिरलेल्या माणसाला त्या सोडता येत नसत. सोडायच्या तर कपडेपट सांभाळणाऱ्या डॉटनं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. युनियनचा नियमच तसा होता. सुतारानं दिवा उचलायचा नाही, दिवेवाल्यानं खुर्ची हलवायची नाही, आणि दोरी कपडेपटाची. चहाची शिट्टी झाली की जगबुडी आली तरी सगळे आधी चहाला. डॉटसुद्धा. एनॉक आपला गोठ्यात, गवतावर, आवळलेला.

सिनेमातली मुलगी ब्रॅडफर्डच्या एका अनाथाश्रमातून आणलेली होती. पॉलीन. आठेक वर्षांची, कोपरं टोकदार, केस कुणीतरी घाईत कापलेले. तिनं पूर्वी कधी कॅमेरा बघितला नव्हता. पहिल्या दिवशी ती गोठ्यात आली, बॉगर्टकडं बघितलं आणि तिचे डोळे असे काही झाले की लेथब्रिजसाहेब खुर्चीतून उठलेच.

"हिला कुणी सांगायचं नाही," त्यांनी सगळ्यांना दम भरला. "आत माणूस आहे हे हिला कळलं तर हे डोळे गेले. सग्डेन, तुम्ही ती यायच्या आधी आत शिरायचं आणि ती गेल्यावर बाहेर यायचं. तोंडातून अवाक्षर नको. हो म्हणायचं असेल तर मान एकदा खाली. बस."

पॉलीनला चहाच्या वेळी मोठ्या माणसांत बसायला आवडत नसे. ती आपलं बिस्कीट चहात बुडवून गोठ्यात आणायची आणि बॉगर्टच्या तोंडात सारायची. ते ओलं बिस्कीट आत एनॉकच्या हनुवटीवर पडायचं, गळ्यात घसरायचं. हात तर पंज्यांत अडकलेले. मग तो मान वाकवून, जीभ काढून कसंबसं ते खायचा, आणि बाहेर ती गंभीरपणे म्हणायची, "हळू खा. ठसका लागेल."

आणि ती बोलायची. माणसांसमोर मुकी असणारी पोर बॉगर्टच्या कानाशी तोंड नेऊन बोलत सुटायची. एकदा एक नवराबायको तिला घरी घेऊन गेले होते म्हणे, छान पलंग होता, पण पलंग रात्री ओला झाला म्हणून तिला परत आणून सोडलं. आश्रमातली पोरं विचारतात, तुझा बाप कोण, तर ती सांगते, नॉर्मन, बोटीवर असतो.

"पण नॉर्मन नाहीच आहे," ती कुजबुजली. "मीच केलाय. आता तू हो नॉर्मन. कुणाला सांगू नको हं, आपल्या दोघांतच."

आत एनॉकच्या घशात बिस्कीट अडकलं. आजीची आठवण झाली. बॉगर्टला नाव दिलंस गं बाई, आता कसं व्हायचं?

"आणि जाशील तेव्हा मला घेऊन जाशील ना?"

शहाण्या माणसानं इथं गप्प राहायचं. पटकथेत नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं, कॅमेरासुद्धा चालू नव्हता. पण एनॉकनं ते जड डोकं एकदा खाली केलं.

त्या संध्याकाळी घरी जेवताना त्यानं ऑलिव्हला सगळं सांगितलं. ती आधी हसली. "म्हणजे शेवटी बाप झालास आणि तोही नॉर्मन नावानं," म्हणाली. मग ताटातलं चिवडत बसली. दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला तर मागच्या खोलीचं दार उघडं, खिडकी उघडी, गादी उन्हात आणि ऑलिव्ह खुर्चीवर चढून बदकं पुसतेय.

"मेणकापड आणलंय गादीवर घालायला," ती मागं न बघता म्हणाली. "ओली झाली तर पुसून काढू. त्यात काय मोठंसं."

पॉलीनबरोबर आश्रमाच्या मिस ग्रिमशॉ असायच्या. तोंडाळ बाई, पण मनानं सरळ. पोरीला दत्तक मागायला एनॉक आणि ऑलिव्ह चांगले कपडे घालून त्यांच्यासमोर उभे राहिले, तेव्हा त्यांनी दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वय जरा जास्त आहे," त्या म्हणाल्या. "पण घर नीट असेल तर समिती हो म्हणेल, मी म्हणायला लावीन. माझी अट एकच. पोर स्वतः हो म्हणाली पाहिजे. एकदा परत आलेली आहे ती. तिच्या मनाविरुद्ध मी तिला कुठं पाठवणार नाही. शूटिंग संपल्यावरच्या रविवारी तुमच्याकडं चहाला आणते. तिला माणसं आवडतात का, बघू."

"मी आवडणं अवघड नाही," एनॉक म्हणाला. त्याला हसू फुटत होतं. गेले कित्येक दिवस ती पोर त्याला बिस्किटं भरवत होती, त्याच्या कुशीत टेकून झोपत होती. आता फक्त डोकं काढायचं बाकी होतं, असं त्याला वाटत होतं. माणूस बाकी शहाणा असला तरी आपल्या आनंदाच्या बाबतीत गाढव असतो.

लेथब्रिजसाहेबांनी एवढंच मागितलं, की शेवटचा प्रसंग होईपर्यंत तिला काही कळू देऊ नका. एनॉक हो म्हणाला. काम घेतलं होतं, ते पुरं करायला नको?

शेवटचा प्रसंग असा, की बॉगर्टला जायची वेळ येते. तो माळावरून चालत जातो, खडकामागं दिसेनासा होतो. मुलगी हाका मारते. तो थांबत नाही, वळत नाही.

"काही झालं तरी मागं बघायचं नाही," साहेबांनी बजावलं. "वळलात की गोष्ट मेली."

एनॉक निघाला. वारा समोरून होता. पहिली हाक आली ती "बॉगर्ट" अशी, शिकवलेली. पुढच्या हाका शिकवलेल्या नव्हत्या. "थांब. मी पण येणार आहे. तू हो म्हणाला होतास." मग रडणं, आणि रडण्यातून नुसतं, "बघ ना, मागं बघ ना." नाव तिनं घेतलं नाही. ते दोघांतलं होतं, आणि तिनं ते तसल्या वेळीही पाळलं. तरी एनॉक चालत राहिला. आयुष्यभर पुढचा नेईल तिकडं चाललेला माणूस, स्वतःहून थांबायची त्याच्या पायांना सवय कुठली असणार?

खडकामागं पोचला आणि चहाची शिट्टी झाली.

डॉट तिकडं खाली, किटलीपाशी. खडकाआड एक सुतार तेवढा चहाला जायच्या आधी फळ्या आवरत होता. एनॉक त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "दोऱ्या सोड," तो आतून ओरडला. "गड्या, सोड, ती रडतेय."

"मी सुतार आहे, काका," तो बिचारा म्हणाला. "दोरी कपडेपटाची. डॉट मला फाडून खाईल."

"मग काप तरी."

"कापलं तर युनियन मला कापेल. येईलच ती चहा पिऊन."

पलीकडून पॉलीनचं रडणं वाऱ्याविरुद्धही ऐकू येत होतं. तसंच खडकाबाहेर जावं, तर बॉगर्ट परत आला म्हणून ती धावत येईल, मग पुन्हा तिला सोडून जायचं कसं? बोलावं, तर बॉगर्टच्या पोटातून म्हाताऱ्याचा आवाज येईल. एनॉक पाठ खडकावर घासत राहिला, पण दोऱ्या काही सुटेनात. शेवटी डॉटनं येऊन त्याला मोकळं केलं तेव्हा मिस ग्रिमशॉ पोरीला गाडीत घालून घेऊन गेल्या होत्या.

"काय डोळे," लेथब्रिजसाहेब म्हणत होते. "एकाच टेकमध्ये."

रविवारी ऑलिव्हनं टेबल असं मांडलं की राणीसाहेब आल्या असत्या तरी कमी पडलं नसतं. हॅमचे सँडविच, डब्यातले पीच, त्यावर घट्ट दूध, फळांचा केक. पॉलीन आली, पाय जुळवून खुर्चीच्या कडेला बसली. "हो, बाई." "नको, बाई." "थँक यू, बाई." ऑलिव्हनं तिला बदकांची खोली दाखवली. "छान आहे," ती म्हणाली आणि दारातच उभी राहिली.

एनॉक समोर बसला होता. त्याला तिच्याशी बोलता येईना. आजवर त्याला बोलायची गरजच पडली नव्हती. बोलायची ती, आणि तो लोकरीच्या आत नुसता ऐकत असायचा. आता मध्ये लोकर नव्हती आणि तिला समोर दिसत होता तो लाल नाकाचा, टक्कल पडलेला एक अनोळखी बुटका म्हातारा. पीच संपत नव्हते. मिस ग्रिमशॉ घड्याळाकडं बघू लागल्या. ऑलिव्हनं टेबलाखालून त्याला पाय मारला, म्हणजे बोल काहीतरी.

एनॉकनं एक बिस्कीट चहात बुडवलं, तिच्यापुढं धरलं आणि हसून म्हणाला, "घे. नॉर्मननं पाठवलंय."

पोरीचा चेहरा पांढरा पडला.

"ते नाव कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच सांगितलंस, बाळा. आत मी होतो. ते कातडं होतं नुसतं. मी होतो." त्यानं जड डोकं असल्यासारखी मान एकदा खाली केली.

बिस्किटाचा ओला तुकडा गळून टेबलक्लॉथवर पडला. कुणी उचलला नाही. पॉलीन त्याच्याकडं बघत राहिली. रडली नाही. मोठ्या माणसासारखा हिशेब लावत असावी.

"मी हाका मारल्या, त्या ऐकू आल्या का?"

इथं खोटं बोलता आलं असतं. कानावर घोड्याचे केस होते, वारा होता. कुणी खोट्यात धरलं नसतं.

"आल्या," एनॉक म्हणाला.

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मग मागं का नाही बघितलं?"

डोकं जड होतं. दोऱ्या आवळलेल्या होत्या. काम घेतलेलं होतं. डॉट चहाला गेली होती. सगळं खरं होतं, आणि त्यातलं काहीही त्या पोरीपुढं ठेवण्यासारखं नव्हतं.

"मला तसं सांगितलं होतं," तो म्हणाला.

पॉलीननं मान एकदा खाली केली, अगदी त्याच्यासारखी, बॉगर्टसारखी. मग ती खुर्चीवरून उतरली. "मिस, मला परत जायचंय."

ऑलिव्हनं केकचे तुकडे कागदात बांधून दिले, ते तिनं घेतले. "थँक यू, बाई," म्हणाली. एनॉक दारापर्यंत गेला. हाक मारावी तर काय म्हणून मारायची, हेच त्याला कळेना.

मिस ग्रिमशॉ पुढच्या आठवड्यात एकट्या येऊन गेल्या. "ती नाही म्हणाली," त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. "मी दोनदा विचारलं. आता पुन्हा विचारणार नाही. त्या पोरीला दर वेळी नाही म्हणायला लावणं बरं नव्हे." निघताना त्या म्हणाल्या, "तुम्ही वाईट माणसं नाही. मला माहीत आहे." पुढं त्या पोरीला दक्षिणेकडच्या कुठल्याशा आश्रमात हलवलं. पत्ता सांगायची पद्धत नाही, असं आश्रमवाले म्हणाले.

ऑलिव्हनं एनॉकला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं तोच एकदा मला कुंपणावरून म्हणाला. मागच्या खोलीचं दार तिनं पुन्हा लावलं, पण मेणकापड काही गादीवरून काढलं नाही.

सिनेमा आमच्या गावात लागला तेव्हा एनॉक गेला नाही. ऑलिव्ह गेली, शनिवारी सकाळी, गावभरच्या पोरांत एकटी बाई. घरी आली आणि कोट न काढता बसली.

"कसा होता मी?" एनॉकनं विचारलं.

"चांगला होतास." ती हातमोजे नीट करत होती. "शेवटी तू जायला लागलास तेव्हा पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. मागं बघ, मागं बघ, सगळी ओरडत होती, घसा फाटेस्तोवर. मीसुद्धा ओरडले, एनॉक. मला माहीत होतं तू बघणार नाहीस, तरी ओरडले."

त्या नाताळात नाटक नेहमीसारखं झालं. घोडाही नेहमीसारखा. जंगलाचा प्रवेश होता, आणि त्यात खलनायक दबक्या पावलांनी राजकन्येच्या मागं येतो. अशा वेळी थिएटरातल्या पोरांनी ओरडायचं असतं, आमचे आजेपणजे ओरडत आले तसं. "मागं बघ! मागं बघ!" ते राजकन्येसाठी असतं. घोड्याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. घोड्यानं आपलं डुलत डावीकडून उजवीकडं निघून जायचं.

पुढचे पाय निघाले. मागचे थांबले.

सिरिलनं ओढून बघितलं. मागचे पाय ताठ झाले, आणि मग सावकाश, पूर्ण वळले. कापड टराटरा पोटापासून फाटलं. घोड्याचा पुढचा भाग एकीकडं जाऊन आपटला आणि मागच्या भागातून घामानं भिजलेला एक बुटका म्हातारा बाहेर आला, प्रेक्षकांकडं पाठ करून. थिएटर हसून हसून कोसळायचं बाकी राहिलं होतं. असा विनोद थॉर्नक्लफमध्ये पूर्वी झाला नव्हता. लोक डोळे पुसत होते. गॅलरीत बसलेली ऑलिव्ह मात्र उभी राहिली होती.

"एनॉक, काय करतोयस?" सिरिल घोड्याच्या डोक्यातून ओरडला.

एनॉक बघत होता. मागं रंगवलेलं जंगल होतं, आणि ते पडू नये म्हणून धरून उभा असलेला एक सुतार.

"हाक ऐकली," एनॉक म्हणाला. "म्हणून बघितलं."

लोकांना वाटलं, तेही नाटकातलंच वाक्य आहे.